मॅगझिनच्या बुडातली लाख

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नंतर सांगू म्हटलं तर राहून जाईल. निवडणुकीच्या काळात परवान्याचं शस्त्र ठाण्यात जमा करायला जाल तेव्हा मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाची काडतुसं भरायची नळी, वेगळ्या डबीत घालून न्या आणि जमा पावतीवर "मॅगझिन २ नग" असं स्पष्ट लिहून घ्या. माझ्या पावतीवर ते नव्हतं. त्या एका ओळीपायी माझा २०२४ चा सबंध जून गेला, आणि जुलैचा पहिला आठवडाही.

जालना जिल्ह्यात माझं कापसाचं जिनिंग आहे. हंगामात शेतकऱ्याला हातात पैसे लागतात, त्यामुळे रोकड घेऊन रात्री-बेरात्री फिरावं लागतं. त्यासाठी .३२ बोअरच्या पिस्तुलाचा परवाना बारा वर्षांपासून आहे. परवाना कसा मिळतो, नूतनीकरण कसं होतं, यावर इथं लिहीत नाही. वेळ लागतो, पण होतं. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली, तेव्हापासून त्या चकराही कमी झाल्या.

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि चार-पाच दिवसांत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली. आमच्याकडे समज असा की निवडणूक आली की सरसकट सगळ्यांनीच जमा करायचं. तसं नाही. जिल्ह्याला छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले, अशांची प्रकरणं ती पाहते आणि कुणाचं शस्त्र जमा करायचं ते ठरवते. रायफल संघटनेचे नेमबाज, बँकांचे सुरक्षारक्षक यांना सूट असते. आपल्याला नोटीस आली तर कारण देऊन अर्ज करता येतो. हे मला मे महिन्यात कळलं. तोवर पिस्तूल ठाण्याच्या कपाटात जाऊन दोन महिने होत आले होते.

जमा करण्याचं काम अर्ध्या तासात झालं. हवालदार साहेबांनी नळी रिकामी असल्याची खात्री केली, क्रमांक परवान्याशी ताडून पाहिला, काडतुसं मोजली. मग पिस्तूल आणि दोन्ही मॅगझिन एकत्र मांजरपाटात गुंडाळली, सुतळीनं बांधली, मेणबत्तीवर लाखेची कांडी धरली आणि गाठीवर ओतली. एक थेंब माझ्या चपलेजवळ फरशीवर पडला, तो मला अजून आठवतो. लाख पातळ होती. कापड त्याहून पातळ. आणि गाठ नेमकी मॅगझिनच्या बुडावर आली होती. हे सगळं डोळ्यांसमोर झालं आणि माझ्या लक्षात आलं नाही. पावतीवर लिहिलं होतं: पिस्तूल १, क्रमांक अमुक, काडतुसे १८. मी सही केली आणि पावती खिशात घालून निघालो.

आमच्याकडे मतदान १३ मे रोजी झालं, निकाल ४ जूनला. निकालानंतर आठवड्याभराने शस्त्रं परत देतात. म्हणून मी १२ जूनला ठाण्यात गेलो.

मुद्देमालाच्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे, ते बंदोबस्तावर होते. तेव्हा अंतरवाली सराटीत उपोषण चालू होतं, जिल्ह्यातले निम्मे पोलीस तिकडे. हे मला मान्य होतं. १४ तारखेला गेलो तर अंतरवालीचं उपोषण थांबलेलं, पण शेजारी वडीगोद्रीत दुसरं सुरू झालेलं, आणि वर १७ तारखेच्या बकरी ईदची तयारी. "शेठ, ईद होऊ द्या, मंगळवारी या," असं सांगितलं. मंगळवारी म्हणजे १८ ला गेलो. किल्लीवाले होते. गाठोडं मिळालं, टेबलावर ठेवलं, सील फोडलं.

कापड सोडलं तर ते मॅगझिनला चिकटलेलं. ओढल्यावर फाटून निघालं आणि बुडाशी लाल चिंधी तशीच राहिली. एका मॅगझिनच्या बेस पॅडवर, म्हणजे बुडाच्या झाकणावर, लाखेचा रुपयाएवढा ठिपका, आणि मधलं भोक पूर्ण बुजलेलं. दुसऱ्याच्या कडेला ओघळ गेलेला, पॅड जिथं सरकतो त्या खाचेत उतरलेला.

ज्यांनी मॅगझिन कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॅगझिन म्हणजे पत्र्याची चपटी नळी. आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर काडतूस वर ढकलणारा फॉलोअर, आणि बुडाला झाकण. ते झाकण म्हणजे बेस पॅड. ते दोन्ही बाजूंच्या खाचांत बसतं आणि पुढच्या बाजूला सरकवून निघतं. आपोआप निघू नये म्हणून आत एक छोटा पत्रा असतो. त्याची गुंडी पॅडच्या मधल्या भोकातून बाहेर डोकावते, आणि स्प्रिंग तिला सतत बाहेर दाबून धरते. साफ करायचं तर टोकदार काडीनं गुंडी आत दाबायची आणि पॅड पुढे सरकवायचा. भोकात लाख भरली की गुंडी दबत नाही, आणि गुंडी दबली नाही तर पॅड जागचा हलत नाही. मॅगझिन उघडता आलं नाही तर ते साफ होत नाही. आणि माझं काम कापसाचं. जिनिंगमध्ये हवेत तंतू तरंगतात, ते खिशात, कुलपात, घड्याळात सुद्धा सापडतात. तेलकट मॅगझिनमध्ये ते शिरले की त्यांचा चिखल होतो. दर हंगामानंतर उघडून पुसलं नाही तर फॉलोअर मध्येच अडकतो, आणि पुढचं काडतूस वर येतच नाही. अंगावर बाळगलेलं पिस्तूल ऐन वेळी असं वागलं तर ते नसलेलं बरं.

हवालदारांनी ताबा पावती पुढे केली. छापील नमुना. खाली एकच ओळ: "सदर शस्त्र सुस्थितीत मिळाले." त्याखाली सहीची जागा.

मी म्हणालो, "साहेब, सुस्थितीत कसं? ही लाख पाहा. इथं तेवढं एक वाक्य लिहू द्या."

ते म्हणाले, "नमुन्यात बदल करता येत नाही हो. पिस्तूल बरोबर आहे ना? नंबर बरोबर आहे ना? मग झालं."

"पण मॅगझिन?"

"मॅगझिन पावतीवर कुठंय?"

खरंच नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं मी पिस्तूल जमा केलं होतं आणि पिस्तूल परत मिळत होतं. मॅगझिन त्या कागदावर जन्मालाच आलं नव्हतं, मग त्याची अवस्था कुठं लिहिणार? मी म्हटलं, सही करत नाही. ते म्हणाले, मग शस्त्र मिळत नाही. आवाज कुणीच चढवला नाही. मागे रांगेत आठ-दहा माणसं होती, कुणाची बारा बोअर, कुणाची रिव्हॉल्व्हर. एकजण म्हणाला, "कामून वाद घालता शेठ, सही करा अन् मोकळे व्हा. बाकीचं पाहून घ्या घरी जाऊन." पिस्तूल पुन्हा कपाटात गेलं, मी घरी आलो.

त्या दिवशी मला जो राग होता तो लाखेचा नव्हता. उन्हाळ्यात शेकड्यांनी शस्त्रं बांधणाऱ्या माणसाच्या हातून एखादी गाठ चुकीच्या जागी येणार, हे मी समजू शकतो. राग त्या ओळीचा होता. जे मी डोळ्यांनी पाहतोय त्याच्या उलटं, माझ्याच सहीनं माझ्याकडून लिहून घेतलं जातंय. उद्या त्या मॅगझिनमुळं काही झालं, कुणी विचारलं, तर कागद म्हणणार की मला ते सुस्थितीत मिळालं. मग मॅगझिन बिघडवलं कुणी? मी.

आणखी एक कारण होतं. दुरुस्तीला नेलं तर तो मिस्त्रीही विचारणार, हे काय झालं, कुणी केलं? शस्त्र कायदा १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात, आणि त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्तीही करता येत नाही. म्हणजे मॅगझिन पत्र्याची नळी दिसली तरी कायद्याच्या नजरेत ती शस्त्राचाच भाग. हे मला वकील असलेल्या मेहुण्यानं फोनवर समजावून सांगितलं, आणि त्यानंतर त्या ओळीबद्दलची माझी अस्वस्थता आणखी वाढली.

मार्ग सापडला तो आमच्या दिवाणजींकडून. ते निवृत्त तलाठी आहेत, आयुष्य सरकारी कागदांत गेलेलं. चहा घेता घेता मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेठ, छापील कागदाशी भांडायचं नसतं. छापील कागद त्यांचा आहे. तुमचा कागद तुम्ही लिहा, आवकला द्या, शिक्का घ्या. मग त्यांच्या कागदावर सही करा. दोन्ही कागदांवर एकच तारीख असली की बास."

इतकं सोपं होतं. मला तीन चकरांत सुचलं नाही. साध्या कागदावर मी सात ओळी लिहिल्या: अमुक तारखेला पिस्तूल दोन मॅगझिनसह जमा केले; १८ जून रोजी सील माझ्यासमोर उघडले असता दोन्ही मॅगझिनच्या बेस पॅडवर व खाचांत लाख आढळली; एकाचे बेस पॅडचे भोक बंद आहे; पिस्तुलाविषयी तक्रार नाही; मॅगझिनची दुरुस्ती परवानाधारक दुरुस्तीकाराकडून करून घेत आहे; नोंद व्हावी ही विनंती. तक्रार कुणाविरुद्ध नाही, हेही लिहिलं. हे महत्त्वाचं. तक्रारीचा कागद चौकशीत जातो, नोंदीचा कागद फाइलला लागतो. आपल्याला नोंद हवी असते.

२७ जूनला आवक-जावकच्या टेबलावर दोन प्रती दिल्या. तिथल्या ताईंनी एक शब्द न बोलता वाचलं, शिक्का मारला, क्रमांक टाकला, एक प्रत परत दिली. चार मिनिटं लागली. मग आत गेलो आणि "सुस्थितीत मिळाले"च्या खाली सही केली. हवालदार साहेबांना माझी पोच दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हे पहिल्याच दिवशी आणलं असतं तर?" त्यांच्या आवाजात त्रागा नव्हता. खरंच विचारत होते. गाडीत बसल्यावर छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

घरी येऊन मी जी चूक केली ती आता लिहितो. धीर धरवला नाही. बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन भोकातली लाख खरवडायला बसलो. लाख थोडी निघाली, पण पात्याचं टोक घसरलं आणि पॅडच्या कडेचा नखाएवढा तुकडा उडाला. दुसऱ्या मॅगझिनला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मोह झाला तो लेथचा. जालन्यात स्टीलच्या रोलिंग मिल आहेत, त्यांच्या अवतीभवती लेथवाले, फिटर, वेल्डर. माझ्या जिनिंगच्या मशिनीचे सुटे भाग करणारा फिटर इतका तरबेज की शतांश मिलिमीटरच्या गोष्टी बोटानं सांगतो. त्याच्यासमोर मॅगझिन ठेवलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं. पण त्याच्याकडे शस्त्र दुरुस्तीचा परवाना नाही. काम त्याच्याकडून करून घेतलं तर अडकणार तो, माझ्यासकट. म्हणून त्याला सांगितलंच नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती: "एवढासा तर प्लास्टिकचा तुकडा आहे" म्हणून कानस हातात घेऊ नका आणि ओळखीच्या लेथवाल्याला अडचणीत आणू नका.

मामांची जुनी बारा बोअर हैदराबादेहून आलेली. ते म्हणाले, तिकडे चांगले कारागीर आहेत, तिकडे ने. पण माझ्या परवान्यावर क्षेत्र "महाराष्ट्र राज्य" असं आहे. राज्याच्या हद्दीबाहेर पिस्तूल नेता येत नाही. आपल्या परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते पाहून मगच गाडी बाहेर काढा. बऱ्याच जणांनी परवान्याचं ते पान कधी वाचलेलंच नसतं.

मग छत्रपती संभाजीनगर. जालन्याहून साठेक किलोमीटर. पहिल्या दुकानात गेलो तर त्यांचा परवाना विक्रीचा, दुरुस्तीचा नाही. दुकानदार सज्जन होता, त्यानं स्वतःच परवान्याचा कागद दाखवला आणि जुन्या भागातल्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. जायच्या आधी फोनवर एवढंच विचारा: "तुमच्या परवान्यात दुरुस्ती आहे का?" माझा अर्धा दिवस वाचला असता.

ते मिस्त्री सत्तरीचे असावेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणू लागलो. आधी मूळ परवाना मागितला, मग आधार कार्ड, मग रजिस्टर उघडून पिस्तुलाचा क्रमांक आणि "मॅगझिन २, बेस पॅड" असं लिहिलं. लाख पाहून विचारलंच: "ये कहाँ से आयी?" मी आवकची पोच पुढे केली. चष्मा लावून त्यांनी ती पूर्ण वाचली, मान हलवली आणि तिचा क्रमांकही रजिस्टरात उतरवून घेतला. सात ओळींचा तो कागद तिथं पहिल्यांदा कामाला आला.

लाखेचं काम त्यांनी स्पिरिटवर सोडलं. लाख पाण्यात विरघळत नाही, रॉकेलमध्येही नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणारे लाख स्पिरिटमध्येच घोळतात, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला आमच्या गल्लीतला सुतार आठवला. दोन्ही मॅगझिन बुडाकडून दोन बोटं बुडतील इतक्या स्पिरिटमध्ये उभी केली, वर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "कल आना. जोर मत लगाओ, वक्त लगाओ." मी तिथंच एका नातेवाइकाकडे मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी बश्शीतलं स्पिरिट गुलाबी झालं होतं. दात घासायच्या जुन्या ब्रशनं उरलेली लाख निघाली. मग चाचांनी मॅगझिन फडक्यात धरलं, पितळेच्या काडीनं गुंडी आत दाबली आणि अंगठा बुडावर घट्ट ठेवून पॅड पुढे सरकवला. अंगठा तसाच ठेवून हळूहळू स्प्रिंग सैल सोडली. अंगठा काढला असता तर ती स्प्रिंग खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली असती, किंवा डोळ्यात. काडी पितळेचीच का? लोखंडी खिळ्यानं भोकाच्या कडेला ओरखडे पडतात. आणि खिळ्यानंच मी गेली दहा वर्षं उघडत होतो.

तेच त्यांनी मला भिंगातून दाखवलं. भोकाच्या काठावर खिळ्यानं उठलेली बारीक कूस, म्हणजे खरखरीत कड, होती, सगळीकडून आतल्या बाजूला वळलेली. लाख नसती तरी दोन-तीन वर्षांत गुंडी तिथं अडकायला लागलीच असती. शिवाय पॅडच्या खाचा पहिल्यापासून घट्ट, पुढच्या टोकाला धारदार. म्हणजे माझं मॅगझिन आधीपासूनच अवघड उघडत होतं, आणि मी ते असंच असतं असं समजत होतो. लाखेनं फक्त ते बाहेर काढलं.

आतून निघालं ते पाहून मला लाज वाटली. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत कापसाचा करडा, तेलकट बोळा, करंगळीएवढा. चाचा म्हणाले, मॅगझिनच्या आत तेल घालायचंच नाही. कोरडं पुसायचं. तेल असलं की धूळ धरतं. आपल्याकडची काळ्या मातीची उन्हाळी धूळ आणि त्यात माझा कापूस, दोन्ही तिथं घर करतात. बाहेरून पत्र्याला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात फिरवायचा आणि कोरड्या फडक्यानं लगेच पुसायचा.

मग बदल. भोकाची कूस त्यांनी हातानं, ड्रिल न लावता, बोटांत धरलेल्या एका शंकूच्या आकाराच्या हत्यारानं काढली. काठाला किंचित उतार दिला, म्हणजे काडीचं टोक आपोआप मधोमध बसतं. पॅडच्या खाचांची पुढची टोकं एक-दोन घाशीत बोथट केली. आतल्या बाजूनं आधी ६०० नंबरचा आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला, अगदी थोडा. पाच-सहा फेऱ्यांनंतर दर वेळी पॅड घालून पाहत होते. मी म्हटलं, गुंडीही जरा घासा, म्हणजे आणखी सहज दबेल. त्यांनी कानस बाजूला ठेवली. "गुंडी नहीं. वो दरवाजे की कडी है." गुंडी झिजली तर मॅगझिन हातातून पडल्यावर पॅड निसटतो आणि काडतुसं जमिनीवर पसरतात. सहज उघडायला हवं ते माणसाच्या हातानं, आपटल्यानं नाही. जागा करायची ती भोकाच्या काठाला आणि खाचांना. गुंडीच्या उंचीला हात लावायचा नाही.

मी ज्या पॅडचा तुकडा उडवला होता तो त्यांनी बदलायला सांगितला. कडेचा तुकडा गेलेला पॅड खाचेत एका बाजूनं कमी धरतो, त्यावर काम करून उपयोग नाही. त्याच मापाचा पॅड मिळायला नऊ दिवस लागले, आणि तोही त्यांनी तसाच घासून बसवला. म्हणून जुलैचा आठवडा गेला.

जोडताना दोन गोष्टी दाखवल्या ज्या मला माहीतच नव्हत्या. एक, स्प्रिंगचं वरचं वेटोळं फॉलोअरच्या उताराला जुळलं पाहिजे. उलटी घातली तर फॉलोअर पुढून नाक टाकतो आणि काडतूसही नाक खाली घालून अडकतं. आपण उघडतो तेव्हाच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दोन, .३२ च्या काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते. जॉन ब्राउनिंगनं १८९९ च्या सुमारास हे काडतूस आणलं तेव्हापासून ती आहे. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहिली पाहिजे. मागे गेली तर दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि पिस्तूल ऐन वेळी थांबतं. मी बारा वर्षं घाईत भरत आलो होतो. आता प्रत्येक काडतूस घालताना अंगठ्यानं मागे दाबून, कड तपासून घालतो.

तपासणी: डमी काडतुसं भरून दोन्ही मॅगझिन त्यांनी कमरेच्या उंचीवरून रबरी चटईवर पाच-पाच वेळा टाकली, वेगवेगळ्या कोनांत. पॅड हलला नाही. मग मला काडी दिली. गुंडी दाबली, अंगठ्यानं ढकललं, पॅड सरकला, इतका अलगद की मी अंगठा ठेवायला जवळजवळ विसरलो. पूर्वी तेच करायला मांडीवर मॅगझिन दाबून धरावं लागायचं आणि मग तासभर बोट दुखायचं. सगळ्याचे ८०० रुपये घेतले, पावती दिली, तीवर परवाना क्रमांक लिहिला. ती पावती मी परवान्याच्या प्लास्टिकमध्येच ठेवली आहे.

पिस्तूल घेऊन जाताना-येताना ते रिकामं, पेटीत, काडतुसं वेगळी आणि मूळ परवाना सोबत. झेरॉक्सवर भागत नाही.

१५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणूक जाहीर झाली आणि पुन्हा नोटीस. या वेळी पहिल्याच दिवशी अर्ज केला: हंगाम सुरू आहे, रोकड न्यावी लागते, शस्त्र माझ्याकडे राहू द्यावं. मंजूर झाला नाही. पण मला वाईट वाटलं नाही. निर्णय लेखी मिळाला, तोंडी नाही. जमा करायला गेलो तेव्हा दोन मॅगझिन स्टीलच्या गोल डबीत कापसात ठेवून नेली. डबीचं झाकण चिकटपट्टीनं बंद केलं, तीवर माझी आणि हवालदार साहेबांची सही. जूनमधल्या कागदाची झेरॉक्स पुढे केली. त्यांनी ती ओळखली. पावतीवर स्वतःच लिहिलं: "पिस्तूल १, मॅगझिन २ नग (रिकामी, डबीत), काडतुसे १८." मग लाखेची कांडी हातात घेतली, थोडं थांबले, आणि गाठ पिस्तुलाच्या मुठीकडे सरकवून तिथं ओतली. डबी बाजूला ठेवली होती.

मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. २ डिसेंबरला गेलो आणि पहिल्याच चकरेत मिळालं. ताबा पावतीवर तीच छापील ओळ होती, "सदर शस्त्र सुस्थितीत मिळाले". मी म्हटलं, "साहेब, एक मिनिट." डबी उघडली, खिशातून पितळेची काडी काढली, एका मॅगझिनचा पॅड टेबलावरच सरकवून पाहिला, परत बसवला, आणि सही केली. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या पाटलांनी विचारलं, ही काडी कुठं मिळते. चाचांनी मला दोन दिल्या होत्या. एक त्यांना देऊन टाकली.